कांताबाईंच्या पुतळ्याची कबुली

मित्रांनो, मी एक अर्धपुतळा आहे. वय वर्षं पंधरा. पुतळ्यांच्या मानानं अजून माझे दुधाचे दात पडायचेत, पण जे भोगलं ते शंभर वर्षांच्या पुतळ्यानंही भोगलं नसेल. मी छातीपासून वर आहे, खाली काही नाही. दिसायला ब्राँझचा, असायला फायबरचा आणि आतून पोकळ. बोटानं टकटक केलंत तर कलिंगडासारखा वाजतो. म्हणायला मी पुतळा, पण चेहरा बाईचा. मानेवर अंबाडा, कपाळ मोठं, कानांत कुड्या, आणि तोंड जरासं उघडं.

ते तोंड उघडं का, ते सांगतो. उघडं असूनही मी वेळेला बोललो नाही, तेही सांगतो. मधेच जांभई आली तर खुशाल द्या. मला स्वतःला तोंड मिटता येत नाही, मी दुसऱ्याला काय सांगणार?

माझा चेहरा ज्यांचा, त्या कांताबाई रणपिसे. मूळच्या खडकीच्या. वडील दारूगोळा कारखान्यात कामाला. छप्पन्न साली घरातले सगळे बौद्ध झाले, तेव्हा कांताबाई तेरा वर्षांच्या होत्या. वस्तीतल्या सभेत वंदना झाल्यावर या पोरीनं उभं राहून एक गाणं म्हटलं. सभेला मागे एक मास्तर उभे होते. त्यांची स्वतःची छोटी नाटक कंपनी होती. गाणं संपल्यावर ते सरळ वडिलांकडे गेले आणि म्हणाले, "ही मुलगी मला द्या. परत देईन, पण गाणारी करून देईन."

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, त्या काळच्या संगीत नाटकात माणसं बोलता बोलता गायला लागायची. राजा रागावला की गायचा, राणी रडली की गायची, आणि आवडलं तर लोक पुन्हा म्हणायला लावायचे. एखादा मरणारा माणूस तीन तीनदा उठून मरायचा. त्या गाण्यांना पद म्हणतात. कांताबाई अशी पदं गायच्या.

आवाज कसा होता विचाराल, तर बार्शीचा प्रयोग ऐका. दुसऱ्या अंकात वीज गेली. सगळीकडे काळोख. कांताबाईंनी त्या काळोखातच वरचा सा लावला, तो असा लावला, असा लावला, की बल्ब आपोआप पेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावचा वायरमन पाया पडायला आला आणि म्हणाला, "बाई, आमच्याकडे नोकरी धरता का?" खोटं वाटत असेल तर बार्शीला जाऊन विचारा. मी हे खुद्द कांताबाईंच्या तोंडून ऐकलंय. त्या वेळी मी ओल्या मातीचा होतो, आणि ओल्या मातीत शिरलेली गोष्ट पुन्हा बाहेर निघत नाही.

आता जे सांगतो त्यात मात्र तिखटमीठ नाही. मास्तरांनी कांताबाईंसाठी एक नाटक लिहिलं, 'संगीत वनमोगरी'. चौदा पदं, चाली मास्तरांच्याच. तालमी झाल्या, पहिला प्रयोग ठरला, आणि एकसष्ट सालच्या जुलैत पानशेतचं धरण फुटलं. कंपनीचं बिऱ्हाड नदीकाठच्या पेठेत होतं. पडदे गेले, पेट्या गेल्या, दाढ्यामिशा गेल्या. एक खोटी दाढी म्हणे दौंडच्या पुलाला अडकलेली सापडली. नाटकाची वही मात्र सापडली नाही. मास्तर त्यानंतर दोन वर्षंही जगले नाहीत. चौदा पदं उरली ती फक्त एका अठरा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात.

कांताबाईंनी पुढे चाळीस वर्षं रंगभूमी गाजवली, पण ती चौदा पदं त्या घरी रोज म्हणायच्या. विसरू नयेत म्हणून.

पंधरा वर्षांपूर्वी कर्वेनगरच्या रंगसेवक मंडळानं त्यांचा पुतळा करायचं ठरवलं. मंडळाचं स्वतःचं नाट्यगृह आहे. तिथे जिन्याच्या वळणावर ओळीनं सहा पुतळे होते, सहाही पुरुषांचे आणि सहाही गेलेल्यांचे. बाई हयात असताना पुतळा करायचा म्हटल्यावर कुजबूज झाली. अपशकुन होतो म्हणाले. तेव्हाचे सेक्रेटरी अभयराव भला माणूस. त्यांनी जाऊन कांताबाईंनाच विचारलं.

"मी मेल्यावर केलात तर मला कसा दिसणार?" कांताबाई म्हणाल्या. "आत्ताच करा. नाक बरोबर आलंय का ते बघायला मी पाहिजे की नको?"

मग कसब्यात उत्तरेश्वर मूर्तिकारांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. आधी सळ्यांचा सांगाडा, त्यावर शाडूची माती. उत्तरेश्वर पंचवीस वर्षं पुतळे करत होते, पण सगळे फोटोवरून. समोर जिवंत माणूस बसवायची त्यांची पहिलीच वेळ. त्यात कांताबाई म्हणजे बसल्या जागी ताल धरणाऱ्या.

"बाई, हलू नका."

"मी कुठे हलतेय?"

"मान हलतीय. म्हणून मला गेलेली माणसं आवडतात. हलत नाहीत, बोलत नाहीत, नाक मोठं झालं म्हणत नाहीत."

"नाक मोठं झालंय का?"

"बघा! तरी मी म्हणतच होतो."

अकरा दिवस हे चाललं. नाक जमलं, कपाळ जमलं, पण ओठ जमेनात. उत्तरेश्वरांनी तीनदा ओठ मिटलेले केले आणि तीनदा पुसले. मिटल्या ओठांनी मी कुठल्यातरी बँकेत पासबुक भरून देणारी बाई दिसायचो. शेवटी ते वैतागून म्हणाले, "बाई, गा तुम्ही. काहीही गा."

कांताबाईंनी डोळे मिटले. खांदे जरा खाली आले, ओठ उघडले, श्वास आत गेला.

"थांबा!" उत्तरेश्वर ओरडले. "गाऊ नका आता. एवढंच हवंय."

म्हणून माझ्या तोंडावर गाणं नाही, गाण्याच्या आधीचा श्वास आहे. स्वर अजून लागायचाय. पंधरा वर्षं झाली, अजून लागायचाच आहे.

त्याच दुपारी हात धुता धुता उत्तरेश्वरांनी विचारलं, "एवढं जपून काय म्हणणार होतात?"

तेव्हा कांताबाईंनी त्यांना वनमोगरीची सगळी हकिगत सांगितली. म्हणाल्या, "ती चौदा पदं माझी नाहीत हो. सांभाळायला दिलेली आहेत. सिनेमाची गाणी शिकायला मुली येतात, ही जुनी कुणाला नको असतात. घेणारं एक माणूस आलं की मी मोकळी झाले. ती माझ्याबरोबर गेली तर मास्तरांना काय सांगू?"

मी हे ऐकलं. माझे कान तेव्हा नुकतेच झाले होते, मित्रांनो. मी जगात ऐकलेलं पहिलं दुःख ते.

मग मातीवरून साचा निघाला, साच्यात फायबर बसलं, वरून ब्राँझचा रंग चढला आणि मी जिन्याच्या वळणावर सातवा जाऊन बसलो. कांताबाई स्वतः उद्घाटनाला होत्या. माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "बरा आहे. माझ्याहून कमी बोलतो."

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. जिवंत माणसाच्या गळ्यात हार घातला तर तो सत्कार. फोटोच्या किंवा पुतळ्याच्या गळ्यात घातला, की बघणारा समजतो, माणूस गेलं. नाट्यगृहाचे शिपाई दशरथ दर एक तारखेला पुतळे पुसायचे आणि झेंडूचे हार घालायचे. अभयरावांनी त्यांना बजावून ठेवलं होतं, "दशरथ, सहांना हार. सातव्याला फक्त फडकं." अकरा वर्षं असंच चाललं. माझा गळा मोकळा होता. त्याचा मला केवढा अभिमान! शेजारचे सहा जण दर महिन्याला नवरदेवासारखे सजायचे आणि मी आपला मोकळ्या गळ्यानं ऐटीत बसलेलो.

मधल्या काळात कांताबाईंचे यजमान गेले. खडकीचं घर सुटलं आणि त्या वारज्याला नातीकडे, प्रियदर्शनीकडे राहायला गेल्या. गुडघे धरले. नाट्यगृहाला येणं थांबलं. मग अभयरावही वारले, आणि मंडळाला नवे सेक्रेटरी मिळाले, दत्तप्रसाद.

दत्तप्रसाद म्हणजे शिस्त. चप्पल कुठे काढायची, पंखा किती वाजता बंद करायचा, सगळ्याच्या पाट्या. माणूस वाईट नव्हता. उलट चांगलाच होता, आणि सगळा घोटाळा त्या चांगुलपणानंच झाला. पहिल्याच एक तारखेला ते जिन्यात थांबले.

"दशरथ, हे काय? सहांना हार, आणि सातव्या बाईंना नाही?"

"साहेब, तशी पद्धत आहे. अभयराव म्हणाले होते..."

"पद्धत! बाई म्हणून वगळलं, की रणपिसे म्हणून? या मंडळात पंक्तिभेद चालणार नाही. आजपासून सात हार."

"तसं नाही साहेब. त्या बाई अजून..."

"दशरथ. कारणं नकोत. सात."

दशरथ हातात हार घेऊन बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले. मग पुटपुटले, "साहेब शिकलेले आहेत. त्यांना कळलं असेल कुठूनतरी. बाई गेल्या असणार." त्यांनी हार माझ्या गळ्यात घातला आणि फडक्यानं स्वतःचे डोळे पुसले. खरोखर रडले ते. सेक्रेटरींना वाटलं, शिपायाला माहीत असणार. शिपायाला वाटलं, सेक्रेटरींना माहीत असणार. आणि वारज्याला तिसऱ्या मजल्यावर कांताबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

त्या हाराचं वजन किती असेल? पावशेर. पण मला तो पेलेना.

पुढचं आपोआप झालं. लोक जिना चढताना हार बघायचे, हळहळायचे. "अरेरे, कांताबाई गेल्या वाटतं. पेपरात कसं आलं नाही?" दुसरा म्हणायचा, "आलं असेल, आपण वाचलं नसेल." पुणेकर मनुष्य आपल्याला एखादी गोष्ट माहीत नव्हती हे कबूल करत नाही. तिसऱ्याला सांगताना तो म्हणायचा, "मागेच गेल्या, मला ठाऊक होतं." मंडळ दर वर्षी सगळ्या पुतळ्यांचा मिळून एकच स्मृतिदिन करायचं. त्याच्या पत्रिकेत सहा नावांपुढे 'कै.' होतंच, सातव्यापुढेही लागलं. घरी फोन येणं बंद झालं. शिकायला येणाऱ्या दोन मुली होत्या, त्या गावाला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनाही कुणीतरी सांगितलं असावं, त्याही फिरकल्या नाहीत. वारज्याला कांताबाई नातीला म्हणायच्या, "विसरले गं लोक. चालायचंच."

लोक विसरले नव्हते. लोक हात जोडत होते. माझ्यापुढे.

पण मी ज्याची कबुली द्यायला बसलोय, ती गोष्ट याच्यापुढची आहे.

एका दुपारी एक मुलगी जिना चढून आली. नाव ऋचा. खांद्याला पिशवी, हातात वही. दशरथ फरशी पुसत होते.

"काका, इथे जुन्या नाटकांची माहिती कोण सांगेल? मी नाट्यसंगीत शिकते. 'वनमोगरी' नावाच्या नाटकाबद्दल एका जुन्या अंकात चार ओळी वाचल्या. त्याची पदं कांताबाई रणपिसेंना येतात असं लिहिलं होतं. त्यांचा पत्ता मिळेल का?"

मित्रांनो, माझ्या आतल्या पोकळीत काहीतरी धडधडलं. आली! घेणारं एक माणूस आलं!

दशरथांनी पोचारा बादलीत ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं. "उशीर झाला ताई. त्या काय, तिथे."

ऋचानं माझ्याकडे पाहिलं. हार पाहिला. तिचा चेहरा असा उतरला की काय सांगू. पिशवी खाली ठेवून तिनं हात जोडले, डोळे मिटले.

आणि मी तोंड उघडं ठेवून गप्प बसलो. वारजे इथून पाच किलोमीटरही नाही. रिक्षावाल्यानं कुरकुर केली असती, पण गेला असता. एक शब्द पुरे होता. पुराणात दगड बोलतात, खांब फुटतात. मी तर खास गाणाऱ्या बाईचा पुतळा, श्वास भरून तयार असलेला. मी सगळी ताकद लावली. फार तर अंबाड्यावरची धूळ हलली असेल. ऋचा जिना उतरून गेली.

त्या दिवशी कांताबाईंना चौदाच्या चौदा पदं येत होती. हे मला नंतर दशरथांकडून कळलं, आणि ते मला सगळ्यात जास्त बोचतं.

माणूस कसं विसरत जातं, ते त्यानंतर वारज्यात हळूहळू दिसू लागलं. आधी भाजीत मीठ दोनदा. मग शेजारणीचं नाव. मग एके सकाळी पाचवं पद म्हणताना दुसरी ओळ येईना. कांताबाईंनी खिडकीला धरून तासभर वाट बघितली. आली नाही.

दोन वर्षं अशीच गेली. मग स्मृतिदिनाची पत्रिका कुणीतरी वारज्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. खाली चौदा जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. त्यात तळमजल्याचे सोसायटीचे चेअरमनही होते, जे रोज सकाळी कांताबाईंना "काय आज्जी, चहा झाला का?" असं विचारत. प्रियदर्शनी खराडीला ऑफिसात होती. तिनं ते वाचलं आणि मीटिंग सोडून घरी आली.

"आजी, डोंट पॅनिक. पण तू मेलीयेस."

"कधी?"

"तारीख नाही दिली. पण तीन वर्षं झाली म्हणे. रविवारी तुझा स्मृतिदिन आहे. सीरियसली, मी त्या लोकांवर केस करणार आहे."

कांताबाई आधी खूप हसल्या. मग हसणं थांबलं. म्हणाल्या, "म्हणून फोन येत नव्हते होय?" मग विचारलं, "रविवारी किती वाजता म्हणतेस? माझी निळी साडी काढून ठेव. इस्त्रीची."

रविवारी आम्हा सातही जणांना जिन्यातून उचलून स्टेजवर पांढऱ्या कापडाच्या टेबलावर मांडलं होतं. त्यामुळे मला सगळं दिसलं. दारात दत्तप्रसाद पासेस बघत उभे. त्यांच्यापुढे निळ्या साडीतली एक म्हातारी काठी टेकत आली, बरोबर नात.

"आजी, पास?"

"पास नाही बाई माझ्याकडे."

"कार्यक्रम निमंत्रितांसाठी आहे. पाटी लावलीय बाहेर."

"वाचली. पण माझ्याशिवाय तो होऊ नये असं मला वाटतं."

"सगळ्यांना तसंच वाटतं, आजी," दत्तप्रसाद म्हणाले. पण मागे रांग वाढत होती, त्यांनी हात केला. "बसा मागे. खोकला आला तर बाहेर या."

प्रियदर्शनी काही बोलणार होती, पण कांताबाईंनी तिचा हात दाबला. दोघी शेवटच्या रांगेत बसल्या. मी त्यांना बघितलं. त्यांनी मला बघितलं. माझ्या गळ्यात ताजा हार होता. तेव्हा मला वाटलं, जमीन फाटावी आणि टेबलासकट मी आत जावं.

भाषणं झाली. मग निवेदकानं नाव पुकारलं आणि ऋचा आली. तिनं तंबोऱ्याला नमस्कार केला, मला नमस्कार केला आणि सांगितलं, "मंडळाच्या कपाटात कांताबाईंची एक कॅसेट मिळाली. त्यावर वनमोगरीचं एकच पद आहे. तेवढंच आता शिल्लक आहे. ते म्हणते."

आणि ती गायली:

*सांग सखे, कुणास्तव फुलू मी रानी...*

गोड गळा. स्वच्छ. शेवटच्या रांगेत एक हात मांडीवर ताल धरू लागला. ध्रुवपद झालं आणि ऋचा थांबली. पेटीवाल्यानंही हात उचलले.

"इथून पुढे कॅसेटची फीत चावली गेलीय," ती म्हणाली. "अंतरा कळत नाही. मी खूप प्रयत्न केला. आज कांताबाई असत्या तर..."

"आहे की," मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. दत्तप्रसाद चवड्यांवर पळत आले. "आजी, मी सांगितलं होतं, मधे..."

"खोकला नाही आला हो. अंतरा आलाय. जरा हात द्या, पायऱ्या उंच आहेत तुमच्या."

काय चाललंय ते आधी एकट्या दशरथांना कळलं. विंगेत त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या पडला. ते धावत आले आणि कांताबाईंच्या पायांवर कोसळले. "बाई, मी घातला हो हार! माझ्या हातानं घातला!"

"ऊठ दशरथ. फुलं छान आहेत. पण पाणी फार शिंपडतोस, गळा धरेल त्याचा." त्यांनी माझ्याकडे बघत म्हटलं आणि माझ्या गळ्यातला हार काढला. तो हातात घेऊन क्षणभर विचार केला. शेजारीच दत्तप्रसाद पांढरेफटक उभे होते. "आता हा कुणाला घालू?"

सगळं सभागृह हसलं. दत्तप्रसादांनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही त्यांना सुचत नव्हतं.

मग कांताबाई ऋचासमोर बसल्या. अंतरा सुरू केला आणि दुसऱ्याच शब्दाला आवाज फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. ज्या आवाजानं बार्शीत दिवे लावले, तो राहिला नव्हता. त्यांनी डोळे मिटले, खांदे खाली आले, श्वास आत गेला. पण या वेळी त्या गायल्या नाहीत. नुसते शब्द सांगितले, आणि हवेत हात फिरवून स्वर कुठे चढतो, कुठे थांबतो, कुठे मागे वळून बघतो ते दाखवलं. ऋचा त्या हातावर नजर लावून गायली:

*वाट नसे, गाव नसे,*
*कोण इथे नाव पुसे,*
*गंध परी ना राहे कोंडुनी...*

पुढच्या रांगेतल्या एक काकू आजही शपथेवर सांगतात, की तेव्हा पुतळ्याचे ओठ हलले. मी होय म्हणत नाही, आणि नाहीही म्हणत नाही.

कार्यक्रमानंतर दत्तप्रसाद हात जोडून उभे राहिले. "आपली क्षमा मागतो. लेखी हवी असेल तर लेखी देतो. आजपासून हार बंद."

"लेखी नको, तुम्ही छापता ते फार लवकर खरं होतं," कांताबाई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "हार बंद करून भागायचं नाही साहेब. पुतळा दिसला की माणूस हात जोडतो. हात जोडले की त्याला वाटतं, झालं आपलं काम, आणि तो घरी जातो. ही मुलगी आत्ताच मला सांगत होती, दोन वर्षांपूर्वी या पुतळ्यापर्यंत येऊन हात जोडून परत गेली. मी आहे तोवर याला आत ठेवा. याच्या जागी माझा पत्ता लावा."

दत्तप्रसादांना पाटीचं काम मिळालं म्हटल्यावर ती त्याच संध्याकाळी लागली. मला आत नेताना मी वाचली: 'कांताबाई रणपिसे वारज्यात राहतात. पदे शिकावयाची असल्यास शनिवारी दुपारी चारनंतर यावे. दोन ते चार बेल वाजवू नये. हार आणू नयेत.' खाली पूर्ण पत्ता.

तेव्हापासून मी स्टेजखालच्या सामानाच्या खोलीत आहे. माझ्या डाव्या हाताला मोडकं सिंहासन, उजव्या हाताला पुठ्ठ्याचा वड. डोक्यावर कोळ्यानं जाळं विणलंय. ब्राँझचा रंग कानापाशी उडालाय आणि खालचं पांढरं फायबर दिसतंय. माझ्यासारखे इतर पुतळे गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आमच्याकडे लक्ष द्या, आम्हाला पुसा, आमची विटंबना करू नका. त्यांचं बरोबर असेल.

ऋचा दर शनिवारी वारज्याला जाते. वर्ष झालं. दशरथ झाडायला येतात तेव्हा सांगतात. नऊ पदं पुरती तिच्या गळ्यात उतरली. दहाव्याचं ध्रुवपद आहे, अंतरा अर्धा. उरलेली चार गेली. कांताबाई खिडकीशी बसतात, चाल गुणगुणायला बघतात, हाताची बोटं हवेत उचलतात, आणि बोटं तिथेच राहतात. ऋचा म्हणते, "असू दे आजी." आजी म्हणतात, "असू दे काय! अगं मुली, थांब जरा." ती चार पदं माझ्या गळ्यातल्या त्या हाराखाली गेली, मित्रांनो. मी ती कुणाला देऊ शकत नाही, कारण मी ती कधी ऐकलीच नाहीत. मला नुसता श्वास दिलाय.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत कुणी म्हातारं माणूस असेल, ज्याला काही येतं, गाणं, औषध, चकल्यांचं प्रमाण, विहिरीतलं पोहणं, काहीही, तर त्याच्याकडे या आठवड्यात जा. ते हयात आहे का, हे शेजाऱ्याला विचारू नका. त्याची बेल वाजवा. माझ्याकडे यायची घाई नको.

मला इथे एकच भीती वाटते. या खोलीचं दार करकरलं, उजेड आत आला, की माझं पोकळ अंग शहारतं. कुणीतरी फडकं घेऊन आलं, कुणी मला उचलून स्वच्छ करू लागलं, की मी समजेन. परवा दार उघडलं. दशरथ होते. माझ्याकडे आले, माझ्याच मागची शिडी ओढून काढली, जाता जाता थांबले.

"बऱ्या आहेत बाई," ते म्हणाले. "काल ऋचाताईंना ओरडत होत्या, जिन्यापर्यंत ऐकू येत होतं."

त्यांनी दार लावून घेतलं. माझ्या पापणीवर धुळीचा अजून एक थर बसला, आणि मी तो बसू दिला.